बेड नंबर एकपासून

माझी आजी मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्स होती. तिच्या देवाबद्दल लिहायचं तर मला आधी तिच्या नोकरीबद्दलच लिहावं लागतं, कारण ड्यूटीवरची नर्स जशी बोलते तशीच ती देवाशी बोलायची.

रात्रपाळी संपली की नर्सला दिवसपाळीच्या नर्सकडे वॉर्ड सोपवावा लागतो. दोघींनी मिळून एकेका खाटेपाशी थांबायचं. बेड नंबर एक, काल ऑपरेशन झालंय, अजून लघवी झालेली नाही. बेड नंबर दोन, ताप उतरलाय पण तोंडात काही घेत नाही. बेड नंबर तीन, घरचं कुणी आलेलं नाही, रात्रभर जागाच होता. एकही खाट गाळायची नाही. बरा झालेला पेशंट असला तरी त्याच्यापाशी थांबायचं, आणि "बरा आहे" एवढं तरी म्हणायचं.

आजी संध्याकाळी दिवेलागणीला घरातल्या लोखंडी कॉटवर बसून प्रार्थना करायची. डोक्यावरून पदर, मांडीवर हात, डोळे मिटलेले. आम्ही नातवंडं समोर चटईवर. सुरुवात गल्लीच्या टोकापासून व्हायची. "प्रभो, कोपऱ्यावरच्या सतारमेकर चाचांचा उजवा हात थरथरतोय. बारीक काम असतं त्यांचं, हातावर पोट आहे. बघ. त्यांच्या सुनेला सातवा महिना लागलाय, पायांवर सूज आहे, ती कुणाला सांगत नाही. बघ. पुढच्या घरातले पाटील, त्यांचं भावाशी बोलणं बंद आहे, दोघंही हट्टी आहेत, ते तुला माहीत आहे. त्याच्या पुढचं घर, बरं आहे." अशी ती घरामागून घर घेत आमच्या दारापर्यंत यायची आणि मग आमची नावं. आमच्या वाट्याला सगळ्यात कमी वेळ यायचा. लहानपणी मला त्याचा राग यायचा. भूक लागलेली असायची, स्वयंपाकघरातून पिठल्याचा वास यायचा, आणि आजी अजून पिठाच्या गिरणीपर्यंतसुद्धा आलेली नसायची.

तिच्या प्रार्थनेत मोठे शब्द जवळजवळ नव्हतेच. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेब प्रार्थना करत तेव्हा सर्वसमर्थ, कृपासागर, स्वर्गीय पिता असे शब्द एकामागून एक यायचे आणि तेही मला आवडायचे, अजून आवडतात. पण आजी देवाचं वर्णन करायला थांबायची नाही. ज्याच्याकडे वॉर्ड सोपवायचा तो कोण आहे हे तिला ठाऊक होतं. खाटेवर कोण आहे आणि त्याला काय होतंय, हे सांगण्यात ती वेळ घालवायची. तिची श्रद्धा मला कळली ती एवढीच, आणि एवढी पुष्कळ आहे असं मला वाटतं.

ज्या दवाखान्यात ती हे शिकली त्याची गोष्ट मिरजेच्या लोकांना सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी थोडं लिहिते. डॉ. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर 1889 मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे बायकोसह इकडे आले. मिरज संस्थानच्या पटवर्धन अधिपतींनी जागा दिली आणि 1894 मध्ये दवाखाना उभा राहिला. कागदावर वानलेस हॉस्पिटल, लोकांच्या तोंडी मिशन दवाखाना. मिरज रेल्वेचं जंक्शन असल्यामुळे बेळगाव, विजापूर, सगळीकडून माणसं गाडीत बसून यायची. आज मिरज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं, त्याची मुळं तिथं आहेत. 1962 मध्ये मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज निघालं तेव्हा सुरुवातीला विद्यार्थी शिकायला याच वॉर्डांतून यायचे. आजी सांगायची, "कोवळी कोवळी पोरं, पांढरा कोट घालून यायची आणि सुईला हात लावायला घाबरायची."

सीमाभागातले पेशंट पुष्कळ, त्यामुळे आजीला कामापुरतं कन्नड येत होतं. एल्ली नोवू, म्हणजे कुठं दुखतंय. अंजब्याड, म्हणजे भिऊ नको. जत-विजापूरकडची म्हातारी माणसं तिच्या तोंडून ते ऐकून रडायला लागायची म्हणे.

तिचा जन्म 1931 चा, सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातला. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. त्यांच्या वडिलांपर्यंतची पिढी गावकुसाबाहेर राहिलेली. शाळेचं दार पहिल्यांदा उघडलं ते मिशननं, आणि त्या दारातून आत गेलेला पहिला मुलगा म्हणजे आजीचे वडील. आमचं घराणं ख्रिस्ती कसं झालं हे लोक विचारतात तेव्हा काहींच्या डोळ्यांत आधीच उत्तर असतं, की दुधाच्या पावडरीसाठी, नोकरीसाठी. मला ते ऐकून अजून लागतं. माणसाला पाटी-पेन्सिल मिळाली, बसायला इतरांशेजारी जागा मिळाली आणि ती देणाऱ्याच्या देवाबद्दल त्याला ओढ वाटली, यात लाज वाटण्यासारखं काय आहे? आणि ओढ खरी होती की नव्हती ते पुढच्या तीन पिढ्यांनी जगून दाखवलं आहे.

आजीच्या वडिलांनी शाळकरी वयात साताऱ्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांना पाहिलं होतं. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पण तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगायचे. अखेरच्या काळात ते साताऱ्यात राहायला आले आणि 1917 मध्ये तिथं त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. 1919 मध्ये ते गेले, म्हणजे दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत. पण त्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाच्या हातात टाळ दिले, पेटी दिली, अभंग आणि ओवी दिली. पणजोबांनी ती भजनं मुलांना शिकवली आणि आजीला इंग्रजी चालीवरच्या गीतांपेक्षा तीच जवळची. पहाटे भाकरी थापताना ती म्हणायची तेव्हा शेजारच्या वारकरी आजी त्यांच्या ओट्यावरून ताल धरायच्या. शब्दांत नाव येशूचं, चाल ओळखीची. त्या म्हणायच्या, "तुमचं भजन लई गोड असतंय बाई." आजी म्हणायची, "तुमच्याच घरचं हाय की."

अठराव्या वर्षी ती मिरजेला नर्सिंग शिकायला आली. पहिल्या वर्षातली एक गोष्ट ती सांगायची, आणि सांगताना आवाज अजिबात चढवायची नाही. ऑपरेशन झालेला एक पेशंट रात्री पाणी मागत होता. हिनं फुलपात्र पुढं केलं. त्यानं हिचं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या रात्री तेच. ही वॉर्डबॉयला उठवायची, त्याच्या हातून पाणी द्यायला लावायची आणि आपण बाजूला उभी राहून नाडी बघायची. तिसऱ्या रात्री वॉर्डबॉय दुसरीकडे होता. पहाटे तीनच्या सुमाराला तहान सहन होईना, तेव्हा त्या माणसानं नुसता हात पुढं केला. "मी पाजलं," आजी म्हणायची. "डोकं वर उचलून धरायला लागतं, नाहीतर ठसका लागतो." मी कॉलेजात असताना तिला चिडून विचारलं होतं, की तुला अपमान वाटला नाही? ती म्हणाली, वाटला की. मग म्हणाली, "पण त्याची नाडी फास्ट होती गं." त्या माणसाचं नाव तिला म्हातारपणीही आठवत होतं. प्रार्थनेत ते कधी कधी यायचं. तो तोवर जिवंत असेल असं काही नव्हतं. मी तिच्या जागी असते तर त्याचं नाव घेतलं नसतं, एवढं मात्र मला माझ्याबद्दल ठाऊक आहे.

पुढे काही वर्षं तिची बदली वानलेसवाडीच्या क्षयरोग सॅनेटोरियमला झाली. सांगली-मिरज रस्त्यावरची मोकळी जागा, झाडं, लांब व्हरांडे, व्हरांड्यात ओळीनं खाटा. स्ट्रेप्टोमायसिन नुकतं हाती येऊ लागलं होतं. त्याआधी हवा, विश्रांती, दूध-अंडी, आणि वाट बघणं एवढंच औषध. इंजेक्शन आलं तरी माणसं महिनोन् महिने तिथं राहायची. घरचे सुरुवातीला यायचे, मग पत्रं यायची, मग पत्रंही कमी व्हायची. बायकांच्या वॉर्डात तर कितीजणींना नवऱ्यानं टाकलेलं.

तिथलं एक काम आजीनं आपणहून अंगावर घेतलं होतं. दुपारी ड्यूटी सुटली की ती घरी न जाता तासभर बायकांच्या केसांना तेल लावून वेणी घालायची. खोकला झाला की नर्स लांब उभी राहते, ताट लांबून सरकवलं जातं, सगळं लांबूनच. डोक्याला हात लावणारं कुणी नसतं. आजी मागं बसायची, खोबरेल तेलाची बाटली मांडीशी, आधी बोटांनी गुंता सोडवायचा, मग मोठ्या दातांची फणी, मग बारीक. कंगव्यात येणारे केस त्यांना दिसू नयेत म्हणून ते मुठीत गोळा करून एप्रनच्या खिशात टाकायचे. आजारात केस फार गळतात, आणि ते बघितले की बाई खचते. माझ्या लहानपणी आजी माझी वेणी घालायची तेव्हासुद्धा गळलेले केस मुठीतच धरायची, आणि मला तो तिचा स्वच्छतेचा नाद वाटायचा. हे सगळं मला आईनं सांगितलं. आजीनं स्वतः सॅनेटोरियमबद्दल कधी फारसं सांगितलं नाही. "दुपारी वेळ असायचा," एवढंच.

लग्न 1952 मध्ये झालं. आजोबा रेल्वेत, मिरज जंक्शनलाच. शांत माणूस, पेटी वाजवायचे. घर दोन खोल्यांचं, माणसं सतत. नाताळात करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, दिवाळीचंच सगळं आमच्याकडं डिसेंबरात व्हायचं, आणि दारात कागदाची चांदणी लागायची. रोज भात टाकताना आजी तांदळातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. रविवारी तो डबा देवळात जायचा. महिन्याअखेरीला आमच्याच डब्यात तळ दिसत असला तरी मूठ लहान व्हायची नाही. आईला नवी नवरी असताना याचं नवल वाटायचं आणि जरा रागही यायचा.

गणपतीच्या विसर्जनाला मिरजेत मोठमोठ्या कमानी उभ्या राहतात, मिरवणूक रात्र रात्र चालते. आजी आरतीला उभी राहायची नाही. तिच्या मनात त्याबद्दल गोंधळ नव्हता, आणि ज्यांच्याशी घरोबा होता त्यांनाही ते माहीत होतं. पण पोरं ढोल वाजवून घामाघूम व्हायची तेव्हा आमच्या ओट्यावर लिंबू-सरबताचं पातेलं असायचंच, आणि शेजारी चिकटपट्टीचा डबा, कारण ढोलवाल्यांची बोटं हमखास फुटतात. मंडळाची पोरं लांबूनच ओरडायची, "सिस्टर आजी, पट्टी!" आपल्या देवाला घट्ट धरून राहण्यासाठी दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवावी लागतात, असं आजकाल सगळीकडून कानावर येतं. मी ज्या घरात वाढले तिथं तसं नव्हतं.

आता धाकट्या काकांबद्दल. हे लिहायला जड जातं, पण ते गाळलं तर आजी अर्धीच राहील.

काका 1979 मध्ये गेले, तेवीस वर्षांचे. सांगलीहून रात्री मोटरसायकलवरून येत होते, ट्रकनं उडवलं. मी तेव्हा पाळण्यात होते. त्यानंतर आजी गायची थांबली. देवळात जायची, दर रविवारी, नेहमीच्या बाकावर. गीताचं पुस्तक उघडून धरायची, सगळ्यांबरोबर उभी राहायची, ओठ मिटलेले. वर्षाहून जास्त काळ असं चाललं. पाळकसाहेब घरी भेटायला आले आणि प्रभूची इच्छा असं काहीतरी म्हणाले. आजी त्यांना चहा देत होती. कप खाली ठेवून म्हणाली, "साहेब, ते मला सांगू नका. त्याची इच्छा होती की नव्हती ते मी त्यालाच विचारतेय रोज." ते बिचारे भले होते, गप्प बसले, चहा प्यायले, आणि नंतर बरेच महिने नुसतेच येऊन बसून जायचे. मला वाटतं तेवढं त्यांनी केलं ते फार मोठं केलं.

त्या काळात ती शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, 88वं स्तोत्र वाचायची. स्तोत्रसंहितेत रडगाणी पुष्कळ आहेत, पण बहुतेकांच्या शेवटी कुठंतरी उजेड येतो. 88व्यात येत नाही. ते अंधारातच संपतं. आईनं एकदा भीत भीत विचारलं, की दुसरं एखादं वाचू या का. आजी म्हणाली, "हे पण त्याच्याच पुस्तकात आहे." माझ्या मनात श्रद्धेबद्दल जे काही पक्कं आहे ते या उत्तरावर उभं आहे. दुःखाला तिनं देवाच्या घराबाहेर ठेवलं नाही. आत घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसली.

संध्याकाळची प्रार्थना मात्र फार दिवस थांबली नाही. आई सांगते, काका गेल्याच्या दहा-बारा दिवसांनी आजी पुन्हा कॉटवर बसली, गल्लीच्या टोकापासून सुरुवात केली, सगळी घरं घेतली, आमच्या दाराशी आली आणि थांबली. मग म्हणाली, "तो गाडीवाला. त्याला झोप लागत नसंल. बघ." बाबा ताडकन उठून बाहेर गेले. त्यांना ते सहन झालं नाही, आणि पुढं कितीतरी वर्षं ते त्या प्रार्थनेला बसत नव्हते. आजीनं त्यांना कधी बोलावलं नाही. त्यांचं नाव घ्यायची, तेही लहान आवाजात, आतल्या खोलीत ऐकू जाणार नाही असं. गाडीवाल्याला क्षमा केली असं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. केली होती का, ते मी सांगू शकत नाही. पण तो तिच्या वॉर्डात होता, आणि त्याची खाट तिनं गाळली नाही.

गाणं परत कसं आलं ते कुणालाच नीट आठवत नाही. आई म्हणते भाकरी थापताना आलं.

2005 च्या महापुरात कृष्णा सांगलीत शिरली तेव्हा माणसं मिरजेकडे आली. शाळा, मंगल कार्यालयं, देवळं, मशिदी, सगळीकडे मुक्काम. आमच्या देवळाच्या हॉलमध्येही बायका-पोरं होती. आजी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे दुखायचे. ती एक स्टूल, एक घमेलं आणि पोटॅशियम परमँगनेटची पुडी घेऊन दाराशी बसली. दिवस दिवस पाण्यात राहिल्यामुळे लोकांचे पाय पांढरे पडून बोटांच्या बेचक्यांतून चिरले होते. तिनं एकेकाचे पाय जांभळट पाण्यात बुडवून घेतले, फडक्यानं टिपून कोरडे केले, बेचक्यांत पावडर भरली. वरच्या भिंतीवर येशू शिष्यांचे पाय धुतोय असं चित्र होतं. कुणीतरी कौतुकानं ते दाखवून तसं म्हटलं, तर ती चिडली. म्हणाली, "बोलत बसू नका, कोरडी फडकी आणा."

2011 मध्ये, ऑक्टोबरात, ती गेली. तीन दिवस दवाखान्यात होती आणि सलाइन लावणाऱ्या मुलीला शीर कुठं मिळेल ते सांगत होती. शेवटच्या संध्याकाळी तिनं गल्लीची सुरुवात केली, पण गिरणीपर्यंत येऊन थकली. बाबा कॉटशेजारी होते. त्यांनी पुढचं घर घेतलं, मग त्याच्या पुढचं. क्रम त्यांना पाठ होता. आतल्या खोलीत बसून इतकी वर्षं ते ऐकत होते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मातीला सगळी गल्ली आली. सतारमेकर चाचा तोवर गेले होते, त्यांचा मुलगा आला आणि त्यानं पेटीला खांदा दिला. वारकरी आजींना चालवत नव्हतं, त्यांना नातवानं रिक्षातून कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत आणलं. भजन सुरू झालं तसा त्यांनी रिक्षातच ताल धरला. पाटलांचे दोघे भाऊ आले, वेगवेगळे आले, वेगवेगळे उभे राहिले. दोघांनी माती दिली. त्यांचं बोलणं त्यानंतरही सुरू झालं नाही. सगळ्या मागण्यांना उत्तर येतं असं आजीनं आम्हाला कधी सांगितलंही नव्हतं.

दोन महिन्यांनी नाताळ होता. करायचा की नाही यावर घरात चर्चा झाली. बाबांचं म्हणणं, या वर्षी नको. आईनं काही न बोलता रवा-मैदा आणला, सारण भाजलं आणि करंज्या करायला घेतल्या. ताटं लावायची वेळ आली तेव्हा कुणाकडे किती, कुणाला गोड चालत नाही, कुणाकडं नवीन सून आलीय, हे सगळं आम्हाला आपोआप येत होतं. चाचांच्या मुलानं सांगलीला विश्रामबागेत घर घेतलं होतं. भावानं स्कूटर काढली, मी मागं डबा धरून बसले, आणि आम्ही वानलेसवाडीवरून सांगलीकडे निघालो. तिथं पोचलो तर सुनेनं आधी डबा घेतला नाही. दारातच विचारलं, "आता आमचं नाव कोण घेतंय?" भाऊ म्हणाला, "बाबा घेतात. पण विश्रामबाग त्यांच्या रस्त्यात नव्हतं, आता घालायला सांगतो." मग ती हसली, आणि धाकट्याची दहावी आहे, गणितात कच्चा आहे, असं सगळं तपशीलवार सांगू लागली.